पकडून आणलेला माणूस

कैदेतून निसटलेल्या दोन गुन्हेगारांचे माग मुंबई पोलिसांनी चार-पाच वर्षांच्या अंतराने काढले आणि दोन्हींवर पुढे चित्रपट निघाले. मन्या सुर्वे १९७९ मध्ये रत्नागिरीत, तुरुंगातून रुग्णालयात हलवलेला असताना पळाला. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात, आंबेडकर महाविद्यालयाजवळ, पोलिसांच्या गोळ्यांनी तो मारला गेला. चार्ल्स शोभराज १६ मार्च १९८६ रोजी पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारून तिहारमधून बाहेर पडला. तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' रेस्टॉरंटमध्ये इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला जिवंत पकडला. वडाळ्याच्या गोळीबारावर 'शूटआउट अ‍ॅट वडाला' हा चित्रपट २०१३ मध्ये आला. पर्वरीच्या अटकेवरचा, चिन्मय मांडलेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'इन्स्पेक्टर झेंडे' यायला २०२५ उजाडलं. पोलिसाने फरारी कैद्याला जिवंत परत आणणं हाच पाठलागाचा खरा शेवट असतो. आपल्या पडद्याने मात्र गोळीला शेवटाचा मान दिला, आणि बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या पट्ट्यात २०२४ साली आपण तोच शेवट रस्त्यावर उतरून मागितला, हे इथे मांडायचं आहे.

झेंड्यांचा पाठलाग जवळून पाहिला तर त्यात चित्रपटाला हवं असलेलं काहीच नाही. त्यांच्या हाताशी मोठं भांडवल होतं ते एका चेहऱ्याच्या ओळखीचं. १९७१ मध्ये त्यांनीच शोभराजला मुंबईत पकडलं होतं. त्याच्या सवयी त्यांना ठाऊक होत्या. परदेशात फोन लावता येईल अशा ठिकाणी तो कधी ना कधी येणार, हा त्यांचा अंदाज होता. गोवा तेव्हा वेगळा केंद्रशासित प्रदेश होता, म्हणजे हद्द परकी. तिथे सहकाऱ्यांसह साध्या कपड्यांत वाट पाहत बसणं, दाराकडे डोळा ठेवून जेवणाचं नाटक करणं, आणि माणूस आत आल्यावर तोच आहे याची खात्री होईपर्यंत जागेवरून न हलणं, हे त्या रात्रीचं काम होतं. मग एक झडप. जवळ बेड्या नव्हत्या, म्हणून त्याला दोराने बांधलं आणि गाडीत घालून मुंबईला आणलं. 'इन्स्पेक्टर झेंडे'ने या कंगालपणाचा विनोद केला आहे, आणि तो विनोद खरा आहे, कारण सरकारी खात्यात पैसे, गाडी आणि परवानगी या तीन गोष्टी कधीच एका वेळी मिळत नाहीत. पण पुढे त्या रेस्टॉरंटने आठवण म्हणून पुतळा बसवला तो शोभराजचा. पकडणाऱ्याचा नाही.

मन्या सुर्वेच्या बाबतीत उलट घडलं. मुंबईतली पहिली पोलीस चकमक म्हणून वडाळ्याचं नाव घेतलं जातं. त्या दुपारी नेमकं काय झालं याची पोलिसांनी सांगितलेली हकीकत आपल्याकडे आहे, दुसरी बाजू सांगायला मन्या उरला नाही. कीर्ती महाविद्यालयात शिकलेला मुलगा टोळीच्या म्होरक्यापर्यंत कसा पोहोचला, तुरुंगाच्या पहाऱ्यातून रुग्णालयात जाऊन तिथून कसा सुटला, त्याला कुणी मदत केली, हे प्रश्न खटल्यात निघाले असते. गोळीबाराच्या चित्रपटात ते निघण्याची गरजच राहत नाही. नायक आणि खलनायक दोघेही छाती पुढे काढून उभे राहतात, पार्श्वसंगीत वाढतं, आणि प्रेक्षागृहात शिट्ट्या पडतात त्या तपासासाठी नसतात.

जगातल्या जुन्या गुन्हेपटांनी हा विषय फार पूर्वी अधिक शहाणपणाने हाताळला आहे. रॉबर्ट सिओडमाकच्या 'क्राय ऑफ द सिटी' (१९४८) मध्ये न्यूयॉर्कच्या एकाच इटालियन वस्तीत वाढलेले दोघे आहेत, एक पोलीस अधिकारी आणि एक कैदेतून पळालेला खुनी. अधिकारी त्या खुन्याच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलतो, त्याच्या धाकट्या भावाची काळजी करतो. शेवटी गोळी सुटते, पण ती विजयाची गोळी नाही. एका गल्लीतली दोन मुलं अशी संपली, हे दुःख घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. 'द फ्युजिटिव्ह' (१९९३) मध्ये तर पाठलाग करणारा अधिकारीच पुरावा तपासत जातो आणि ज्याच्या मागे लागला तो निर्दोष आहे या निष्कर्षाला येतो. वाटेत त्याने त्याला गोळी घातली असती तर हा निष्कर्ष कुणाच्या उपयोगाचा होता? आपल्याकडे व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून स्फुरलेला हा चित्रपट. त्यात सहा खुनी कैदी एकदा पळतातही, आणि जेलरच्या नजरेने बांधलेले परत येतात. मराठी माणसाला हा वारसा ठाऊक आहे, पण तो आपण गांधीवादी भाबडेपणा म्हणून बाजूला ठेवतो.

या सगळ्यात 'शोले'चा शेवट सर्वांत बोलका आहे. ठाकूरने पकडलेला गब्बर तुरुंग फोडून पळतो, ठाकूरचं घरदार संपवतो, आणि तिथून सगळी कथा सुरू होते. म्हणजे मुळात ही पोलीस अधिकारी आणि फरारी कैदी यांचीच गोष्ट. चित्रित झालेल्या शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून मारतो. १९७५ मध्ये सेन्सॉर मंडळाने तो नाकारला आणि पोलीस वेळेवर येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट करावा लागला. कायद्याचा हा आग्रह आणीबाणीतल्या सरकारचा होता, ज्याने हजारोंना खटल्याविना तुरुंगात डांबलं होतं, ही विसंगती लपण्यासारखी नाही. तरीही पन्नास वर्षं लोकांनी डोक्यावर घेतला तो बेडीचाच शेवट. मूळ शेवट जोडलेली नवी प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा बरेच जण म्हणाले, हाच खरा शेवट. 'शोले'चे निर्माते जी. पी. सिप्पी यांचं कुटुंब फाळणीनंतर सिंधमधून आलेलं, उल्हासनगरच्या छावण्यांत ज्यांनी उघड्यावर संसार मांडले त्याच लोकांपैकी. कायदा नावाची गोष्ट एका रात्रीत नाहीशी होते म्हणजे काय, हे या वस्तीच्या जुन्या पिढीला कुणी चित्रपटातून शिकवायची गरज नव्हती.

आता आपल्या दाराशी येऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात कित्येक तास लागले. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात तासन् तास रेल्वे रोखून धरली. त्या गर्दीत फाशीच्या घोषणा होत्या, पण राग मुळात होता तो आपलं कुणी ऐकून घेत नाही याचा. २३ सप्टेंबरला आरोपीला तळोजा तुरुंगातून पोलीस गाडीतून नेत असताना मुंब्रा बायपासवर तो मारला गेला. पोलिसांची हकीकत अशी की त्याने एका पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि स्वसंरक्षणात त्याला गोळी घालावी लागली. बदलापुरात फटाके फुटले, पेढे वाटले गेले, मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले. त्याच्या दफनाला बदलापूर-अंबरनाथात विरोध झाला आणि शेवटी बंदोबस्तात उल्हासनगरच्या स्मशानभूमीत ते उरकावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं, आणि एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. पुढे काय सिद्ध होतं ते होवो. योगायोग असा की चकमकीतल्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी कशी करावी याची सूत्रं सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली तो निकाल, 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य', लागला होता २३ सप्टेंबर २०१४ रोजी. बरोबर दहा वर्षं आधी, आणि मुंबईतल्याच चकमकींच्या प्रकरणात.

या पट्ट्यात कायद्यावर विश्वास का उरला नाही, हे समजण्यासारखं आहे. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सत्ताधारी आमदाराने गोळीबार केला आणि आपल्या मुलाला ठाण्यातच पोलिसांसमोर धक्काबुक्की होत होती, असं वर सांगितलं. आमदाराला ठाण्यात न्याय मिळत नसेल तर पाच नंबरच्या गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यात राबणाऱ्याला काय मिळणार, असा प्रश्न कुणीही विचारेल. पण नेमकं इथेच चकमकीचं समर्थन तोकडं पडतं. बदलापुरात उशीर न्यायालयात झाला नव्हता, तो ठाण्याच्या टेबलावर झाला होता. ज्या यंत्रणेने तक्रार लिहून घ्यायला वेळ लावला, त्याच यंत्रणेच्या गोळीला आपण टाळ्या दिल्या, आणि त्या टाळ्यांत तिचा उशीर धुऊन निघाला.

न्यायालयांत खटले वर्षानुवर्षं तुंबतात, साक्षीदार फिरतात, आरोपी जामिनावर सुटून फिर्यादीच्या घरासमोरून जातो, हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्यावर उपाय म्हणजे जलदगती न्यायालयं, भरलेल्या जागा, साक्षीदारांना संरक्षण. यातलं काहीही गोळीने येत नाही. चित्रपट पाहून कुणी पोलीस बंदूक काढत नाही, हेही खरं. मात्र पिस्तूल हिसकावलं, गोळी झाडली, नाइलाज झाला, या तीन पायऱ्यांची हकीकत चित्रपटांनी इतकी ओळखीची करून ठेवली आहे की ती ऐकताना आपल्याला प्रश्न सुचत नाहीत. पोलिसांना स्वसंरक्षणाचा हक्क आहेच. गुन्हेगारांच्या गोळ्यांनी पोलीस मेले आहेत. हक्क खरा असेल तर चौकशीला भ्यायचं कारण नाही, एवढंच.

उरतो सर्वांत अडचणीचा आक्षेप, तो शोभराजचाच. झेंड्यांनी जिवंत आणला, आणि १९९७ मध्ये तो शिक्षा भोगून सुटला, पॅरिसला जाऊन मुलाखतींचे पैसे घेऊ लागला. मग पकडून काय मिळवलं? थायलंडमधल्या खुनांच्या खटल्यात फाशी होऊ शकली असती, ती टळावी म्हणूनच तो मुदत उलटेपर्यंत भारतीय तुरुंगात राहू पाहत होता, असं मानलं जातं. म्हणजे त्याने आपल्या कायद्याचा वापर करून घेतला, हे मान्य करायला हवं. पण २००३ मध्ये तो काठमांडूत सापडला, १९७५ च्या खुनाची फाइल उघडली, जन्मठेप झाली, आणि २०२२ च्या डिसेंबरपर्यंत तो नेपाळच्या तुरुंगात होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या खुनाचा जाब विचारता आला, कारण विचारायला माणूस शिल्लक होता. बदलापूरच्या प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनाने काय केलं आणि ठाण्यात कुणी का थांबवलं, हे प्रश्न अजून विचारले जातील. मुख्य आरोपीची उलटतपासणी मात्र आता होणार नाही.