नर्सबाईंपासून ताप लपवू नका

२०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, मुंबईचे चाकरमानी गावाकडे परतू लागले आणि सिंधुदुर्गातल्या शाळा विलगीकरणासाठी उघडल्या. उपकेंद्रावरच्या नर्सबाईंच्या वाट्याला तापाच्या नोंदी आल्या, पण गरोदर बायकांच्या तपासण्या आणि बाळांची लसीकरणं काही कमी झाली नाहीत. योगायोग असा, की जागतिक आरोग्य संघटनेनं तेच वर्ष परिचारिका आणि सुईणींचं म्हणून जाहीर केलं होतं! कौतुक झालं, थाळ्या वाजल्या. दुसरीकडे देशात ठिकठिकाणी आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारले गेले, भाड्याच्या खोल्या सोडायला सांगितलं गेलं. मे उजाडण्याआधीच, २२ एप्रिलला केंद्राला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला होता.

ताप लांबून मोजता येतो, बाळंतपण लांबून होत नाही. म्हणून पहिली विनंती: घरात कुणाला ताप असेल, कुणी बाहेरगावाहून आलं असेल, तर कळा सुरू झालेल्या सुनेला आणतानाच सांगा. 'सांगितलं तर घेणार नाहीत' ही भीती मला कळते. पण नंतर उघड झालं, की नर्सबाई आपल्या घरच्या म्हाताऱ्यांच्या काळजीनं झुरतात, आणि त्याच आजारी पडल्या तर वाडीतल्या बाकीच्या गरोदर बायकांकडे कोण बघणार?

दुसरं, फोनचं. रक्तस्राव, पाणी जाणं, झटके, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यासाठी रात्री दोनलासुद्धा फोन करा, अजिबात संकोच नको. दाखला आणि लोहाच्या गोळ्या सकाळी मागा. एवढ्यानं नर्सबाईंची झोप वाचते.

गाडीची सोय मात्र आठव्या महिन्यातच ठरवा. १०२ आणि १०८ भिंतीवर लिहिलेले असतातच, पण १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे वीज गेली, फोनही ठप्प झाले. करोनाची दुसरी लाट तेव्हा चालूच होती. अशा रात्री शेजारच्या कुणाची रिक्षा निघेल, हे नर्सबाईंनी शोधायचं का?

आणि बाईनू, तुमच्यासाठी दोन शब्द. ड्यूटी संपली तरी झोप लागत नसेल, कुणी आवाज चढवला की रडू येत असेल, तर ते एकटीनं गिळू नका. सोबतच्या बाईंशी बोला, १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या नंबरवर बोला. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. अर्थात, समुपदेशनानं रिकामी जागा भरत नाही. दोघींचं काम एकीच्या अंगावर पडलं असेल तर तिला धीर देऊन किती देणार?

ती रिकामी जागा भरून मागणं हे काम आपलं, गावकऱ्यांचं. येत्या ग्रामसभेत हात वर करून विचारा: आपल्या उपकेंद्रातली किती पदं भरलेली आहेत? तिथे पाणी येतं का? वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालतो का? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.