रक्ताचा कर्करोग : ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

पावसाळा लागला की म्हसळा-श्रीवर्धन भागात ‘ताप’ आणि ‘प्लेटलेट’ हे शब्द घरोघरी एकत्रच ऐकू येतात. प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू किंवा लेप्टो, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण क्वचित हेच चित्र अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचे, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे असते. तो मोठ्या माणसांनाही होतो. यातली गुंतागुंत काही तासांत जिवावर बेतू शकते. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, कर्करोगाचा उपचार मुंबईत झाला तरी जीव वाचवणारा पहिला उपचार घराजवळच सुरू झाला पाहिजे.

आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. या आजारात तिथे कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ५०,००० दिसल्या तरी त्या जंतूंशी लढणाऱ्या नसतात. यातून चार मोठे धोके उभे राहतात.

पहिला, जंतुसंसर्ग. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल या लढाऊ पेशी ५०० च्या खाली जातात. तेव्हा पू धरत नाही, सूजही फारशी येत नाही. अनेकदा ताप ही एकच खूण असते. एकदाही १०१ ताप आला किंवा १००.४ ताप तासभर टिकला, तर ती इमर्जन्सी समजा. शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हायला हवे.

दुसरा, रक्तस्राव. हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, काळी शौचास ही लक्षणे दिसतात. मेंदूत रक्तस्राव झाला तर तीव्र डोकेदुखी आणि गुंगी. ‘एम-३’ या प्रकारात रक्त गोठण्याची व्यवस्थाच कोलमडते. गंमत अशी की, सुरुवातीचे दिवस निभावले तर हाच प्रकार सर्वांत जास्त बरा होणारा आहे. त्यासाठी ‘अ‍ॅट्रा’ हे औषध नुसत्या संशयावरही लगेच सुरू करतात.

तिसरा, पेशींची गर्दी. पांढऱ्या पेशी १ लाखाच्या वर गेल्या की बारीक रक्तवाहिन्या तुंबू शकतात. मग दम लागतो, नजर धूसर होते, रुग्ण असंबद्ध बोलतो.

चौथा, पेशी एकदम फुटणे. उपचार सुरू होताच, कधी त्याआधीही, रक्तात पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड वाढते. लघवी कमी होते, हृदयाचे ठोके बिघडतात.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. तापात फक्त प्लेटलेटचा आकडा विचारू नका. पूर्ण सीबीसी पाहा. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांपैकी दोन आकडे बिघडले असतील, तर काचपट्टीवर रक्ताची तपासणी करून घ्या. ‘डॉक्टर, एक सुई द्या’ हा आग्रह सोडा. प्लेटलेट कमी असताना कमरेत दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साचते. डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो. स्टेरॉइडने काही दिवस बरे वाटते, पण निदान झाकले जाऊ शकते.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी परळच्या टाटा रुग्णालयातून, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधून किंवा जिथे उपचार चालू असतील तिथून निघताना एक कागद लिहून मागावा : ताप आल्यास कोणते अँटिबायोटिक, किती डोस, कोणाला फोन. हा कागद आणि शेवटचा सीबीसी एका पिशवीत ठेवा. घरी थर्मामीटर हवाच. ताप आला की पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात कागद दाखवा, पहिला डोस घ्या आणि मगच मुंबईची वाट धरा.

आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांचीही जबाबदारी आहे. ‘हा टाटाचा पेशंट आहे, तिकडेच न्या’ एवढे म्हणून भागणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचाराला आधार मिळतो. पण माणगाव, पेण, पनवेल करत जाणाऱ्या रस्त्यावरचे ते काही तास कोणतीही योजना परत देऊ शकत नाही. ते वाचवणे तुमच्या-आमच्याच हाती आहे.