विश्लेषण : अमेरिकेत नर्सिंग होमचा खर्च आयुष्यभराची पुंजी का संपवतो? घर आणि बचत वाचवण्याचे कायदेशीर मार्ग कोणते?

अमेरिकेत १९६५ मध्ये सुमारे दोन महिन्यांच्या अंतराने दोन मोठे कायदे झाले. जुलैमध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्या. ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा नवा कायदा आला आणि भारतीय डॉक्टर-इंजिनीअरांना अमेरिकेचे दार उघडले. त्या दारातून गेलेली मराठी माणसांची पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. शिवाय, मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेले आई-वडीलही तिथेच म्हातारे होत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाला आणि घरी सांभाळणे अशक्य झाले, की पहिल्या कायद्याशी गाठ पडते. पैसे कोण देणार? घर विकावे लागेल का? आणि पुण्यातला फ्लॅट?

नर्सिंग होमचा खर्च किती?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय. अमेरिकेत त्याचा अर्थ वेगळा. अंघोळ, जेवण, औषधे, कूस बदलणे अशा प्रत्येक गोष्टीसाठी ज्यांना दिवसरात्र मदत लागते, त्यांची ती दीर्घकालीन निवासी व्यवस्था असते. जेनवर्थ आणि केअरस्काउट यांच्या २०२४ च्या सर्वेक्षणानुसार दोघांच्या खोलीचा मध्यम खर्च वर्षाला सुमारे १,११,००० डॉलर, तर स्वतंत्र खोलीचा सुमारे १,२८,००० डॉलर होता. ही देशभराची आकडेवारी आहे. ईशान्येकडच्या अनेक राज्यांत खर्च याहून जास्त येतो. तीन-चार वर्षांचा मुक्काम म्हणजे एका चांगल्या घराची किंमत.

मेडिकेअर हा खर्च देत नाही का?

इथेच बहुतेक कुटुंबे फसतात. ६५ वर्षांनंतर मिळणारे मेडिकेअर हे प्रामुख्याने उपचारांसाठी आहे. किमान तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिल्यानंतर पुनर्वसनाची किंवा कुशल परिचर्येची गरज असेल, तर ते नर्सिंग होमचा जास्तीत जास्त १०० दिवसांचा खर्च उचलते. त्यातही पहिले २० दिवस पूर्ण खर्च मिळतो. २१ व्या दिवसापासून रुग्णाला रोजचा वाटा द्यावा लागतो. २०२६ मध्ये तो २१७ डॉलर आहे. त्यानंतरची नुसती सांभाळण्याची सेवा मेडिकेअरमध्ये बसत नाही.

मग उरतात तीन वाटा : स्वतःचा पैसा, आधीच काढलेला दीर्घकालीन सेवेचा विमा किंवा मेडिकेड. अमेरिकेतल्या नर्सिंग होममधील साधारण दहापैकी सहा रहिवाशांचा मुख्य खर्च मेडिकेडच उचलते. पण ही योजना गरिबांसाठी आहे. म्हणून ती मिळण्याआधी गरीब असल्याचे कागदोपत्री सिद्ध करावे लागते.

किती मालमत्ता चालते?

मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत एकट्या अर्जदाराकडे मोजणीत येणारी मालमत्ता २,००० डॉलरपेक्षा जास्त असून चालत नाही. काही राज्ये उदार आहेत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये ही मर्यादाच काढून टाकली होती, पण जानेवारी २०२६ पासून ती १,३०,००० डॉलरवर पुन्हा आणली.

मोजणीत काय येते? बँकेतली शिल्लक, शेअर, म्युच्युअल फंड, दुसरे घर. काय येत नाही? एक गाडी, घरातले सामान, अंत्यविधीसाठी कायमची बाजूला ठेवलेली रक्कम आणि ठरावीक मर्यादेपर्यंत राहते घर. कर्ज वजा जाता घरात जेवढा हिस्सा उरतो, त्यावर २०२६ साठी राज्यानुसार ७,५२,००० ते ११,३०,००० डॉलर अशी मर्यादा आहे. जोडीदार त्याच घरात राहत असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. मुलाच्या नावावर आई-वडिलांचे नाव जोडलेले संयुक्त खाते असेल, तर त्यातली पूर्ण रक्कम आई-वडिलांचीच धरली जाते. पैसे मुलाचे आहेत, हे पुराव्यासह दाखवावे लागते.

घरी राहणाऱ्या जोडीदाराचे काय?

बाबा नर्सिंग होममध्ये गेले, तर आईने कशावर जगायचे? १९८८ पूर्वी या प्रश्नाला कायद्यात धड उत्तर नव्हते. त्या वर्षी जोडीदाराला कंगाल होण्यापासून वाचवणारी तरतूद झाली. आजही पती-पत्नीची मालमत्ता, कोणाच्याही नावावर असो, एकत्र मोजली जाते. मात्र त्यातून घरी राहणाऱ्या जोडीदाराला ठरावीक वाटा ठेवता येतो. २०२६ मध्ये हा वाटा राज्याच्या नियमांनुसार किमान ३२,५३२ आणि कमाल १,६२,६६० डॉलर आहे. आईचे स्वतःचे पेन्शन किंवा सोशल सिक्युरिटीचे उत्पन्न बाबांच्या खर्चासाठी धरले जात नाही. तिचे उत्पन्न फार कमी असेल, तर बाबांच्या उत्पन्नातला काही भाग तिला मिळू शकतो.

पाच वर्षांचा हिशेब म्हणजे काय?

'मग सगळे मुलांच्या नावावर करून टाकू,' हा पहिला विचार बहुतेक घरांत येतो. कायद्याने तो आधीच ओळखला आहे. अर्जाच्या तारखेपासून मागच्या ६० महिन्यांतले सर्व व्यवहार तपासले जातात. याला 'लुक-बॅक' म्हणतात. या काळात काही फुकट किंवा कमी किमतीत दिले असेल, तर तेवढ्या रकमेच्या प्रमाणात काही महिने मेडिकेड मिळत नाही.

हिशेब भागाकाराचा आहे. समजा, आईने तीन वर्षांपूर्वी मुलाला १,२०,००० डॉलर दिले आणि राज्याने नर्सिंग होमचा सरासरी मासिक खर्च १२,००० डॉलर धरला आहे. १,२०,००० भागिले १२,००० म्हणजे दहा महिने अपात्रता. खरी गोम पुढे आहे. २००६ मध्ये नियम कडक झाल्यापासून हे दहा महिने पैसे दिले त्या दिवसापासून मोजत नाहीत. आई नर्सिंग होममध्ये दाखल आहे, तिचे पैसे संपले आहेत आणि बाकी सर्व निकषांत ती बसते, तेव्हा ते सुरू होतात. म्हणजे नेमके हातात काही नसताना दहा महिन्यांचे बिल समोर उभे राहते.

आणखी एक गैरसमज. गिफ्ट टॅक्सच्या नियमानुसार २०२६ मध्ये एका व्यक्तीला १९,००० डॉलरपर्यंतची भेट करविभागाला न कळवता देता येते. ती सूट करापुरती आहे, मेडिकेडला ती लागू नाही. नातीच्या कॉलेजसाठी दिलेले १९,००० डॉलरही पाच वर्षांच्या हिशेबात येतात.

पुण्यातला फ्लॅटही मोजला जातो?

अर्जात जगभरातली मालमत्ता जाहीर करावी लागते. ठाण्यातला फ्लॅट, बँकेतल्या मुदत ठेवी, गावची जमीन हे सगळे त्यात आले. भावांमध्ये वाटणी न झालेली वडिलोपार्जित जमीन विकता येत नसेल, तर ती 'उपलब्ध नाही' असे मांडता येऊ शकते. पण त्यासाठी सातबारा उतारा, वारस नोंदी, दाव्याची कागदपत्रे असा पुरावा लागतो आणि निर्णय त्या राज्याचे अधिकारी घेतात.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. त्यामुळे सुट्टीत इकडे आल्यावर आई-बाबांनी फ्लॅट मुलाच्या नावावर करणे ही सहज उरकली जाणारी गोष्ट झाली आहे. पण त्यांना पाच वर्षांच्या आत अमेरिकेत मेडिकेडची गरज पडली, तर तेच बक्षीसपत्र कित्येक महिन्यांची अपात्रता आणू शकते. भावाच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्राचेही तेच. मिळणारा हिस्सा सोडणे म्हणजेही मालमत्ता देऊन टाकणे.

ग्रीन कार्डवरच्या पालकांसाठी एक अडथळा आणखी आहे. १९९६ च्या कायद्यानुसार त्यांना साधारणपणे पहिली पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही. त्यानंतरही, त्यांना बोलावताना मुलाने 'आय-८६४' या हमीपत्रावर सही केलेली असते. पालक नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या खात्यात कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत मुलाचे उत्पन्न त्यांचे उत्पन्न म्हणून धरले जाऊ शकते.

कायदेशीर मार्ग कोणते?

पहिला मार्ग योग्य ठिकाणी खर्च करण्याचा. गृहकर्ज फेडणे, राहत्या घराची दुरुस्ती, व्हीलचेअरसाठी रॅम्प, जुनी गाडी बदलणे, अंत्यविधीची तजवीज. यात पैसे देऊन पूर्ण मोबदला मिळतो, म्हणून अपात्रता येत नाही.

दुसरा मार्ग सूट असलेल्या हस्तांतरणाचा. जोडीदाराला किंवा अंध-दिव्यांग अपत्याला मालमत्ता देता येते. आई-वडिलांच्या घरात किमान दोन वर्षे राहून सेवा केल्याने ज्यांचे नर्सिंग होम लांबले, अशा मुला-मुलीला ते घर देता येते. आपल्या घरांत बहुधा उलटे असते, पालक मुलाच्या घरात राहतात. तेव्हा ही सूट उपयोगाची नाही, पण तशी गरजही नसते. मुलाच्या नावावरचे घर ही पालकांची मालमत्ता नसतेच.

तिसरा मार्ग सेवेच्या लेखी कराराचा. नोकरी सोडून आईला सांभाळणाऱ्या मुलीला वाजवी दराने पैसे देता येतात. करार आधी झालेला हवा, तासांची नोंद हवी आणि मुलीने त्या उत्पन्नावर कर भरायला हवा. आईकडून लेकीने पैसे घ्यायचे, हे आपल्याकडे ऐकायलाही नको वाटते. पण करार नसताना दिलेले तेच पैसे 'भेट' ठरतात.

चौथा मार्ग ट्रस्टचा. रद्द करता येणारा ट्रस्ट मेडिकेडपासून काहीच वाचवत नाही. मागे न घेता येणारा ट्रस्ट वाचवू शकतो, पण तो अर्जाच्या पाच वर्षे आधी व्हायला हवा आणि त्यातल्या मुद्दलावर पालकांचा ताबा राहत नाही. घर थेट मुलाच्या नावे करण्यात वेगळाच तोटा असतो. मुलाने पुढे ते विकले, तर आई-वडिलांच्या जुन्या खरेदी किमतीपासूनचा नफा मोजून कर लागू शकतो. वारशाने मिळालेल्या घराला मृत्यूच्या वेळची किंमत धरतात. शिवाय मुलाचा घटस्फोट किंवा दिवाळखोरी झाली, तर ते घरही त्यात सापडते.

मृत्यूनंतर सरकार घर घेते का?

राहते घर हयातीत मोजले गेले नाही, तरी हिशेब संपत नाही. १९९३ च्या कायद्याने राज्यांना ५५ वर्षांवरील लाभार्थींच्या दीर्घकालीन सेवेचा खर्च त्यांच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करणे बंधनकारक केले. जोडीदार हयात असेपर्यंत, २१ वर्षांखालील किंवा दिव्यांग अपत्य असेल तर ही वसुली होत नाही. अन्यथा ती होते. म्हणून 'घर वाचले' असे समजून मुले निर्धास्त होतात आणि नंतर राज्याचे पत्र येते.

सही करताना काय पाहावे?

दाखल करताना नर्सिंग होम मुलापुढे कागदांचा गठ्ठा ठेवते. मुलाने स्वतःच्या खिशातून बिलाची हमी द्यावी, अशी अट दाखल्यासाठी घालण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. सही आईच्या वतीने, तिच्या पैशांपुरती आहे, हे स्पष्ट लिहावे. काही राज्यांत मुलांवर पालकांच्या पालनपोषणाची जबाबदारी टाकणारे जुने कायदेही आहेत. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अपिलीय न्यायालयाने आईच्या सुमारे ९३,००० डॉलरच्या बिलासाठी मुलाला जबाबदार धरले होते. तिचा मेडिकेडचा अर्ज तेव्हा निकाली निघालेला नव्हता.

हे सगळे करणे योग्य आहे का?

गरिबांच्या योजनेसाठी सुखवस्तू कुटुंबांनी मालमत्ता हलवायची, हा आक्षेप खोटा नाही. पण कर्करोगाचा खर्च मेडिकेअर उचलते आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या सांभाळाचा उचलत नाही, ही विसंगतीही तितकीच खरी. त्यामुळे रेषा एका ठिकाणी ओढायला हवी. कायद्याने दिलेली सवलत घेणे म्हणजे नियोजन. पुण्यातला फ्लॅट अर्जात लपवणे म्हणजे फसवणूक, आणि त्याची शिक्षा पालकांनाच भोगावी लागते.

दुसरी रेषा घरातली आहे. 'मालमत्ता वाचवायची' म्हणताना ती कोणासाठी, हे विचारायला हवे. तो पैसा आधी आई-बाबांच्या सेवेचा, मग मागे राहणाऱ्या जोडीदाराचा आणि उरला तर मुलांचा. मेडिकेड न घेणारी चांगली नर्सिंग होम आहेत आणि खोलीची निवडही त्यात मर्यादित असते. सगळा पैसा आधीच वाटून टाकला, तर आईसाठी ठिकाण निवडण्याचा हक्कही वाटला जातो.

म्हणून पालक सत्तरीत, चालते-बोलते असतानाच तीन कामे उरकावीत : कुलमुखत्यारपत्र, दोन्ही देशांतल्या मालमत्तेची एक यादी आणि त्यांच्या राज्यातल्या वृद्धकायद्याच्या वकिलाशी एक बैठक. स्मृतिभ्रंश वाढल्यावर सही करण्याची क्षमताच उरत नाही आणि प्रकरण न्यायालयात जाते. आपल्या घरांत हा विषय काढणे अशुभ मानतात. पण पाच वर्षांचे घड्याळ कोणाच्या संकोचासाठी थांबत नाही. पुढच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विषय काढायचा असेल, तर पहिला प्रश्न घराचा नको. 'आई, तुला पुढे कुठे राहायला आवडेल?' इथून सुरुवात करावी.