चौलचे अवशेष आणि कला शाखेची पदवी

कला शाखेच्या पदवीचा उपयोग काय, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांपेक्षा पालकच अधिक विचारतात, आणि इतिहास, भाषा, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अध्यापकांचे उत्तर बहुधा स्पर्धा परीक्षा आणि बी.एड. यांपाशी थांबते. उदार शिक्षण, म्हणजे एखाद्याच धंद्याला न जुंपता वाचन, भाषा, पुरावा आणि तर्क यांची तयारी करून घेणारे शिक्षण, या उत्तरातून स्वतःचे असे काहीच सांगत नाही. वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते रायगडच्या किनाऱ्यावर चौलमध्ये स्पष्ट दिसते.

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या खाडीकाठी, नारळ-सुपारीच्या वाड्यांत झाकलेल्या या बंदराचा उल्लेख टॉलेमीच्या ग्रीक भूगोलात आहे, कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत आहे आणि अरब प्रवाशांच्या लेखनातही आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल मसूदी येथे येऊन गेला, पंधराव्या शतकात रशियातील त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन येथे उतरला, पुढे पोर्तुगिजांनी शेजारच्या रेवदंड्याचा कोट उभारला आणि 1740 मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली आजही बोलली जाते. एका खाडीकाठची एवढी सामग्री वाचण्यास लिपिज्ञ, भाषाभ्यासक, नाणेतज्ज्ञ, उत्खननकार अशी अनेक माणसे लागतात, आणि ती तयार करणे हे कला शाखेचेच काम आहे.

चौलवर ज्यांनी पायाभूत काम केले, त्यांतील दोघांची मूळ विद्या मात्र वेगळी होती. चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील 1876 चा इंग्रजी ग्रंथ लिहिणारे जुझे गर्सन द कुन्हा पेशाने डॉक्टर होते, आणि डेक्कन कॉलेजच्या वतीने येथे उत्खनन करणारे विश्वास गोगटे हे पुरातत्त्वीय रसायनाचे, म्हणजे खापरांच्या मातीचे घटक तपासून ते भांडे कोठे घडले असावे हे ठरवण्याच्या शास्त्राचे जाणकार. यावरून कला शाखेची पदवी निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो उतावळा होय; कारण द कुन्हांना कागदपत्रे आणि नाणी यांच्या अभ्यासाची साधना वेगळी करावी लागली, आणि खापराच्या मातीचे पृथक्करण झाले तरी त्या भांड्यामागचा व्यापार उलगडण्यास ग्रंथांचाच आधार घ्यावा लागतो. किंमत आहे ती कौशल्याला, आणि आपले पदवीधर नेमके त्याच बाबतीत रिकाम्या हाताने बाहेर पडतात, ही खंत या क्षेत्रातील प्रत्येकाने मनाला लावून घ्यावी अशी आहे.

जुन्या मराठी कागदांच्या मोडी लिपीचे वाचनच पाहावे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढली जाते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसतात, त्यामुळे केवळ अक्षरओळख पुरत नाही. कागदावर 'इहिदे सबैन मया व अलफ' असे वर्ष आले, तर ते अरबी संख्यांनी मांडलेले शुहूर सन 1171 आहे, आणि हा सन मृगापासून सुरू होत असल्यामुळे त्यातील मार्गशीर्षाचा कागद 1770 चा, तर चैत्राचा 1771 चा ठरतो, एवढे वाचकाला उमगावे लागते. जमिनीचा वाद, वारसा, इनाम यांत असा एका वर्षाचा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणाऱ्यांना बोलावणे आले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते; मग इतिहासाचा आणि मराठीचा पदवी अभ्यासक्रम त्याविना पूर्ण कसा मानायचा?

अशा कामांतून सर्व पदवीधरांना नोकऱ्या मिळतील असे आश्वासन कोणी देऊ नये. अभिलेखागारे, संग्रहालये आणि वारसा पर्यटन यांतील जागा मोजक्या आहेत, आणि जो अध्यापक स्वतः वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतो, त्याने विद्यार्थ्याला या पदवीचे मोल पटवून द्यावे, ही अपेक्षाही अन्यायाचीच आहे. तरीही अस्पष्ट कागद धीराने वाचणे, दोन साक्षींतील विसंगती पकडणे आणि निष्कर्ष नेमक्या मराठीत मांडणे ही सवय वकिलाच्या कचेरीत, वृत्तपत्रात, बँकेत, तहसीलमध्येही कामी येते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत आता क्षेत्र प्रकल्प आणि कार्य प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. चौलला दिवसभराची सहल काढून छायाचित्रांचा अहवाल जोडणे म्हणजे ही संधी दवडणे होय. त्याऐवजी एका विद्यार्थ्याने रेवदंड्याच्या कोटातील एका लेखाची नोंद घ्यावी, दुसऱ्याने रामेश्वराच्या मंदिर परिसराचे मोजमाप करून आराखडा काढावा, तिसऱ्याने एखाद्या वाडीवाल्या कुटुंबाच्या संमतीने त्यांच्याकडील जुन्या कागदांचे लिप्यंतर करून त्याची प्रत त्या कुटुंबालाही द्यावी. आणि प्रत्येकाने काय वाचले, काय मोजले, काय तपासले, हे विभागप्रमुखांच्या स्वाक्षरीने त्याच्या प्रमाणपत्रावर नोंदवले जावे. त्यासाठी नव्या शासन निर्णयाची गरज नाही. येत्या सत्राच्या पहिल्या विभागीय बैठकीत हा विषय घेता येईल.