घरचा सल्ला : टोचलेल्या गाईचं दूध का आटलं?

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. चार पानी पत्र, आणि त्यातली तीन पानं आत्याबाईंनीच व्यापली आहेत! मागच्या अंगणात एक देवणी गाय आणि तिची वर्षाची कालवड. घरापुरतं ठेवून उरलेल्या दुधाचा दोन घरी रतीब. ते पैसे या बाईंच्या हाती येतात, त्यातून मुलीची फी जाते. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घेतली. संध्याकाळी गाय मलूल, कडबा नुसता हुंगून सोडला. दुसऱ्या दिवशी दूध पाच लिटरवरून साडेतीनवर आलं, मानेवर लिंबाएवढी गाठ. आत्याबाई म्हणाल्या, "चांगल्या जनावराला सुई टोचून आजारी पाडलं. पुन्हा दारात कुणाला उभं करायचं नाही!"

बाई विचारतात, हे दूध मुलांना द्यावं का? आणि पुढच्या वर्षी आत्याबाईंचं ऐकावं का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. या दोन्ही लसींत मारलेले जंतू असतात. त्यामुळे नेहमीसारखं उकळून दूध खुशाल द्या. मात्र गाईला अंगावर वेगळं औषध, विशेषतः प्रतिजैविकाचं इंजेक्शन, दिलं असेल तर गोष्ट निराळी. मग किती दिवस दूध टाकायचं ते डॉक्टरांनाच विचारा, आणि तेवढे दिवस रतीबही घालू नका.

आता आत्याबाईंची तक्रार. त्यांनी पाहिलं ते खोटं नाही, हे आधी कबूल करू या. आपल्या बाळांना लस टोचून आणली की रात्री अंग तापतं, मांडी ठणकते, बाळ किरकिर करतं. गाईचंही तसंच. दोनेक दिवस कणकण, चारा कमी, म्हणून दूध कमी. ते बहुधा दोन-चार दिवसांत मूळ पदावर येतं. गाठीचं कारण असं, की या लसी अंगात हळूहळू जिराव्यात म्हणून त्यांत तेल किंवा तुरटीच्या जातीचे क्षार घातलेले असतात. तेलातल्या लसीची गाठ कधी कधी काही आठवडे राहते. ती दाबू नका, चोळू नका, आणि कुणी चुना लावायला किंवा डाग द्यायला सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा! गाठ गरम लागली, वाढत गेली, मऊ होऊन पू धरला, तर मात्र ते गळू. हा दोष बहुधा मळक्या सुईचा. म्हणून टोचायला आले की प्रत्येक जनावराला वेगळी सुई मागा, बाटली बर्फाच्या पेटीतून निघते का ते पाहा. यात संकोच कसला?

खरी जपायची वेळ टोचल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास. क्वचितच, पण एखाद्या जनावराला लस सोसत नाही. पापण्या, नाकपुड्या सुजतात, लाळ गळते, धाप लागते, अंग थरथरतं, जनावर कोसळतं. तेव्हा लगेच इंजेक्शन मिळालं तर ते वाचतं. म्हणून जनावर सावलीत डोळ्यांसमोर बांधा आणि टोचणाऱ्यांना तेवढा वेळ शेजारीपाजारीच असू द्या. ते गेले असतील तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन आहे. आणि असं एकदा झालं असेल तर पुढच्या खेपेला टोचण्याआधी सांगा. आधीच ताप असलेलं जनावर टोचून घेऊ नये. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत असेल तर तेही आधी सांगावं. त्या वेळी लसीइतकीच पाडापाडी आणि ओढाताणही बाधते.

आता दुसरी बाजू. माझ्या माहेरी एका वर्षी अशाच रुसव्यातून टोचणं राहून गेलं. श्रावणात सकाळी कालवड लंगडायला लागली. फऱ्यावर सूज, हात लावला तर आत हवा भरल्यासारखं कुरकुरायचं. दुसऱ्या दिवशी ती गेली. गोठ्यातली सगळ्यांत गुटगुटीत तीच होती, आणि फऱ्या बहुतेक अशीच सहा महिने ते दोन वर्षांची धष्टपुष्ट वासरं उचलतो. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. घटसर्पाचं तर विचारूच नका. गळा सुजतो, घरघर लागते, आणि डॉक्टर येईपर्यंत कित्येकदा खेळ आटोपलेला असतो. आई पुढे कित्येक दिवस त्या दाव्याकडे बघायची नाही.

आणखी एक. लस टोचली की लगेच कवच चढत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. रोग आधीच अंगात शिरलेला असेल तर जनावर टोचल्यावरही दगावतं आणि बोल लसीला लागतो. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत, मे महिन्यातच टोचून घेतलेलं बरं.

ताई, आत्याबाईंशी वाद घालू नका. रोजचं दूध कॅलेंडरवर लिहिता ना? टोचल्याची तारीख त्यावर मांडा आणि पुढच्या आठवड्याचे आकडे त्यांनाच वाचून दाखवा. आठवडाभरातही दूध वाढलं नाही, किंवा तिसऱ्या दिवशीही गाय चाऱ्याला तोंड लावत नसेल, तर लसीवर न ढकलता तिला दवाखान्यात दाखवा. आणि कालवडीला टोचलं की नाही ते पत्रात लिहायचं राहिलं आहे. नसेल टोचलं, तर आधी तिचं बघा.