आमच्या बापाला साक्षीला ओढू नका

१५ मार्च २०२२. कर्नाटक हायकोर्टाने उडुपीच्या मुलींची हिजाबबंदीविरुद्धची याचिका फेटाळली. तीन न्यायाधीश, शंभरावर पानं, अन् त्या पानांत मुलींच्या विरुद्ध साक्षीला उभा कोण? आमचा बाप! पडद्याबद्दल बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात जे लिहिलं ते हिजाबलाही लागू, असं कोर्ट म्हणतं.

दोस्तहो, बाबासाहेब पडद्यावर तुटून पडले हे खरंच. पडदा बाईला कोंडतो हे आपणही म्हणतो, उद्याही म्हणू. मौलवी काय आपला मामा लागत नाही. पण पडद्यातून काढायचं म्हणून पोरीला शाळेतनंच काढा, हे त्या ग्रंथाच्या कुठल्या पानावर आहे? डिसेंबर १९२७ ला महाडात त्यांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितलं, सवर्णांच्या बायांसारखं लुगडं नेसा, अस्पृश्याची खूण असलेले ते डागिने उतरवा. सांगितलं. बायांनी आपल्या हातांनी बदललं. फाटकावर शिपाई उभा करून कुणाचं काही उतरवलं नव्हतं. पेशवाईत आपल्या गळ्यात मडकं बांधणारा हुकूम कुणाचा होता, हेही त्याच माणसाने १९३६ ला लिहून ठेवलंय. ते पान नाही सापडलं कोर्टाला?

म्हणे गणवेश, म्हणे सगळे सारखे. हे सारखेपण युरोपातनं शिकलेत साले. जिनिव्हाची एक मास्तरीण डोक्यावरच्या रुमालासाठी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात गेली. २००१ साली कोर्ट म्हणालं, रुमाल हे प्रभावी चिन्ह, लहान पोरांवर परिणाम होईल. हाकलली. अन् २०११ ला इटलीतल्या सरकारी शाळेच्या भिंतीवरच्या क्रूसाबद्दल तेच कोर्ट म्हणालं, हे निष्क्रिय चिन्ह, राहू द्या. म्हणजे बाईच्या डोक्यावरचं हातभर फडकं बोलतं अन् सरकारच्या भिंतीवरचा क्रूस मुका!

वसईच्या माणसाला क्रूसाचा राग असायचं कारण नाही. आमच्याकडे गल्लीबोळात क्रूस आहेत, विरारला डोंगरावर जीवदानी, सोपाऱ्यात १८८२ ला उकरलेला स्तूप. कुणाचं कुणामुळे अडत नाही. प्रश्न आहे तो आपली खूण खूणच नाही म्हणणाऱ्यांचा. मागे गोदीत एका मुकादमाने माझ्या छातीवरचा निळा बिल्ला काढायला लावला. "कामावर धर्म-राजकारण नको." त्याच्या कपाळावर गंध, मागच्या क्रेनला लिंबू-मिरची. मी बोट दाखवलं, तर म्हणाला, "ते काय, ते असतंच."

ते असतंच! हाच सगळा कायदा.

२०२४ ला तो चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजात पोचला. हिजाब नको, टोपी नको, बिल्ला नको. मुंबई हायकोर्टाने जूनमध्ये मुलींना परत पाठवलं. ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने त्या बंदीला अंशतः स्थगिती दिली अन् कॉलेजला विचारलं, टिळा लावणाऱ्यांनाही अडवणार का? मुकादमाला मी हेच विचारलं होतं, फक्त माझ्याकडे काळा कोट नव्हता.

उडुपीचं प्रकरण १३ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांत फुटलं अन् योग्य खंडपीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. तारीख लागली की बापाला पुन्हा पिंजऱ्यात उभं करतील. तेव्हा चिकमगळूरच्या पोरांनाही बोलवा. फेब्रुवारी २०२२ ला कॉलेजात भगवे शेले अंगावर आले, तेव्हा ती निळे शेले घालून, जय भीम म्हणत त्या मुलींच्या बाजूला उभी राहिली होती. त्यांनी बाबासाहेब कुठल्या पानावर वाचले ते विचारा.