शिलेदाराचे शौर्य आणि घोड्याची किंमत

१/ आजच्या मराठीत ‘शिलेदार’ म्हणजे निष्ठावंत सहकारी. पक्षांचे शिलेदार असतात, क्रिकेट संघांचेही असतात. एकोणिसाव्या शतकात मात्र हा शब्द मालकी सांगत असे. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. सामान्य स्वाराची कारकीर्द या भेदावर उभी होती.

२/ मराठेशाही बुडाली तरी ही पद्धत बुडाली नाही. तिचा धनी बदलला. जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावाला मुलूख तोडून द्यावा लागला आणि त्याच्या उत्पन्नातून कंपनीने घोडदळ उभारले. पुढे ‘पूना हॉर्स’ म्हणून गाजलेले दळ ते हेच. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात त्यातील स्वार पेशव्याच्याच फौजेविरुद्ध लढले.

३/ अशा दळात शिरणाऱ्याला घोडा व सामान स्वतः आणावे लागे किंवा त्याची किंमत भरावी लागे. या जागेला ‘असामी’ म्हणत. असामी ही मिळकत होती. ती विकता येई. एकाहून अधिक असामी असलेला मनुष्य आपल्या घोड्यांवर बारगीर बसवी आणि त्यांच्या पगारातला वाटा घेई. एकाच रिसाल्यात मालक आणि मजूर शेजारी शेजारी दौडत.

४/ कंपनीच्या पायदळातील शिपायाला महिना ७ रुपये मिळत. बंगालच्या अनियमित घोडदळातील स्वाराला १८५७ पूर्वी सुमारे २० रुपये मिळत. आकडा मोठा दिसतो. परंतु दाणा, वैरण, नालबंदी आणि सामानाची दुरुस्ती त्यातूनच भागवायची असे. दुष्काळात वैरण महागली की पगार न घटताही स्वार गरीब होई.

५/ सर्वांत मोठे संकट म्हणजे घोड्याचा मृत्यू. घोडा गेला की मिळकत गेली, आणि शिलेदाराचा बारगीर होण्याची वेळ येई. म्हणूनच रेजिमेंटमध्ये स्वारांच्या वर्गणीतून ‘चंदा’ नावाचा निधी उभा राहिला. त्यातून नवा घोडा घेण्यास मदत होई. सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा ही सोय बरी.

६/ आता एक जुना आक्षेप पाहावा. शिलेदार निकराचा हल्ला करीत नाहीत, अंग राखून लढतात, असे अनेक युरोपीय निरीक्षकांनी मराठी फौजांविषयी लिहिले. या वागणुकीचे मूळ हिशेबात आहे. ज्याच्या कुटुंबाची पुंजी चार पायांवर उभी आहे, तो ती तोफेसमोर घालण्यापूर्वी विचार करणारच. त्याला भित्रा म्हणणे हा आळशी इतिहास होय.

७/ उलट पुरावाही आहे. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणमधील खुशाब येथे पूना हॉर्सच्या स्वारांनी चढाई करून चांदीचा पंजा असलेले शत्रूचे निशाण जिंकले. त्या दिवशी त्यांनी प्राण आणि मिळकत दोन्ही पणाला लावली. खुशाबसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मात्र मुंबईच्या तिसऱ्या हलक्या घोडदळातील दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना मिळाले. हिंदी सैनिक त्या पदकास १९११ पर्यंत पात्रच नव्हते.

८/ बढतीचीही मर्यादा ठरलेली होती. स्वाराचा दफेदार, जमादार, रिसालदार होई. पण वयोवृद्ध रिसालदारही कोवळ्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमाखाली राही. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असताना ‘लढाऊ जमाती’ची कल्पना बळावली आणि दख्खनी सैनिकाला दुय्यम ठरवले गेले. जे प्रश्न पगाराचे, पुरवठ्याचे आणि संधीचे होते, ते रक्ताचे म्हणून मांडले गेले.

९/ पहिल्या महायुद्धात प्रचंड प्रमाणावर नवे घोडे पुरवणे या पद्धतीला झेपले नाही, आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली. तिच्यासोबत असामीचा तो हिशेबही विस्मरणात गेला. आजही सामान्य स्वाराविषयी ‘शूर की भ्याड’, ‘निष्ठावान की फितूर’ एवढेच विचारले जाते. त्याआधी विचारावयाचा प्रश्न साधा आहे: घोडा कोणाचा होता, आणि तो मेल्यावर भरपाई कोण करणार होते?